हार घालता, मग फाइली पण उघडा

संपादक महोदय,

दरवर्षी १ मे आणि २१ नोव्हेंबरला हुतात्मा चौकात नेत्यांची रांग लागते, हार पडतात, फोटो निघतात आणि तासाभरात सगळं सामसूम. मला एकच विचारायचंय, की संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात ही माणसं पोलिसांच्या ज्या गोळीबारात गेली त्याची चौकशी कधी झाली?

२१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला, म्हणजे आताच्या हुतात्मा चौकात, १५ जण मारले गेले. पुढं जानेवारी ५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करणार असं नेहरूंनी रेडिओवर सांगितलं आणि शहर पेटलं, आठवडाभर गोळीबार चालू होता, सगळ्यात जास्त बळी त्याच दिवसांतले. मुख्यमंत्री मोरारजी देसाई. न्यायालयीन चौकशीची मागणी झाली, ती काही मान्य झाली नाही. आणि कायदा नव्हता असंही नाही हो, चौकशी आयोगाचा कायदा १९५२ चाच आहे! शेवटी चिंतामणराव देशमुखांनी जुलै ५६ ला अर्थमंत्रिपद सोडलं तेव्हा लोकसभेत हाच मुद्दा काढला, की एवढी माणसं मारली आणि साधी चौकशी पण नाही. केंद्रातला अर्थमंत्री बोलला तरी उपयोग शून्य.

लोक म्हणतात आता काय उपयोग, सगळे गेले. अहो, शिक्षा कोण मागतंय? ऑर्डर कोणी दिली, आधी लाठी, अश्रुधूर झाला का, किती राउंड झाडले, गोळ्या कमरेखाली लागल्या की वर, एवढं तरी कळू दे. घाटकोपरच्या रमाबाई नगरला १९९७ ला पोलीस गोळीबारात १० जण गेले तेव्हा जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता अशी स्टोरी पोलिसांनी सांगितली होती, गुंडेवार चौकशी आयोग बसला म्हणून ती टिकली नाही आणि २००९ ला एसआरपीच्या (राज्य राखीव पोलीस) अधिकाऱ्याला जन्मठेप लागली (नंतर जामीन मिळाला तो भाग वेगळा). ५५-५६ च्या बाबतीत पोलिसांची बाजू कोणी तपासलीच नाही, तीच अजून रेकॉर्डवर.

राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुने सरकारी कागद ठेवतात ते, एल्फिन्स्टन कॉलेजच्या बिल्डिंगमध्ये आहे, हुतात्मा चौकातून चालत दहा मिनिटं. गृहखात्याच्या फाइली, पोलीस कंट्रोलच्या नोंदी, त्या वेळच्या कॉरोनर कोर्टाचे (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करायचं ते) आणि पोस्टमॉर्टेमचे कागद, जे काही शिल्लक असेल ते स्कॅन करून नेटवर टाका, आणि जे नष्ट केलं असेल ते कधी आणि कोणाच्या सहीने केलं तेही सांगा. येत्या २१ नोव्हेंबरच्या आत सरकारने एवढं जाहीर करावं.

– एक वाचक, डोंबिवली