पेन्सिल सेलवरचा ब्राम्स

डोंबिवली, १२ ऑक्टोबर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री जर्मन संगीतकार ब्राम्सबद्दल तुझा मेसेज आला, "आई, ब्राम्सची पहिली सिंफनी कुणाची ऐकू? इथे ढिगाने रेकॉर्डिंग आहेत, प्रत्येक कंडक्टरचं वेगळं." गणपतीपासून आपला अबोला होता, तो असा मोडेल असं वाटलं नव्हतं. मी लगेच तीन ओळींचं उत्तर टाइप केलं आणि पुसून टाकलं. तुझे बाबा म्हणाले, "तू आता पत्रच लिही, कुकर मी लावतो." तर लिहायला बसले आहे.

आधी एक कबुली देते, म्हणजे माझ्या शब्दावर किती विसंबायचं ते तुझं तुला ठरवता येईल. मी ज्या ब्राम्सच्या प्रेमात पडले तो दीड वर्ष आजारी होता.

१९८९ साली मी फोर्टातल्या शाखेत होते. तिथे निवृत्तीला आलेले एक पारशी ऑफिसर होते. त्यांनी मला एक कॅसेट दिली: पहिली सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी चार भागांत रचलेलं संगीत, कंडक्टर कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिक. वॉकमन मामाने मस्कतहून आणलेला. त्याला दोन पेन्सिल सेल लागायचे आणि माझ्या पगारात ते फार लागायचे. म्हणून सेल पार मरेपर्यंत वापरायचे, मेले की आजीच्या पापडांशेजारी गच्चीवर उन्हात ठेवायचे, आणि संध्याकाळी पुन्हा घालायचे. तेवढ्यावर सहा अठ्ठावीसची डोंबिवली ठाण्यापर्यंत निघायची.

ती सुरुवात तू ऐकली असशीलच. टिंपनी, म्हणजे मोठा नगारा, एकाच सुरावर ठोके देत राहतो, खाली डबल बास आणि काँट्राबसून ही खर्जातली वाद्यं तोच सूर धरून बसलेली. त्याच्यावर व्हायोलिनं चढत जातात आणि बासऱ्या-ओबोची मंडळी उतरत येतात. मला तेव्हा यातलं एकही नाव माहीत नव्हतं. मला फक्त कळलं की कुणीतरी षड्ज लावून ठेवलाय आणि तो सोडतच नाहीये. लेडीज डब्यात कोपर बरगडीत घुसलेलं, समोर कुणी मटार सोलतंय, आणि कानात हे. कुर्ला कधी गेलं कळलं नाही.

घरी येऊन पेटीवर सूर शोधला. कॅसेटच्या वेष्टनावर सी मायनर लिहिलेलं, म्हणजे पेटीची पांढरी एक पट्टी हवी. माझा निघाला जवळजवळ पांढरी सात, म्हणजे अर्धा सूर खाली. मला वाटलं, जर्मन लोकांची पांढरी एक वेगळी असेल! शेवटी त्या ऑफिसरांनीच एकदा जेवणाच्या सुट्टीत माझा हेडफोन कानाला लावला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "डिकरी, तुझा ब्राम्स आजारी हाय." खाली जाऊन त्यांनी स्वतःच्या पैशाने नवे सेल आणून घातले. टेप नीट वेगाने फिरली, सूर जागेवर आला, लयही आली, आणि खरं सांगू? मला तो अजिबात आवडला नाही. कुणीतरी गाडी पकडायला धावतंय असं वाटलं.

तेव्हापासून मला हळू वाजवणारे कंडक्टर आवडतात. लोक याला अभिरुची म्हणतात. माझ्या बाबतीत ते उतरलेले सेल आहेत.

म्हणून पहिलीसाठी माझं उत्तर फुर्टवेंगलर, हँबर्गच्या रेडिओ ऑर्केस्ट्राबरोबर, २७ ऑक्टोबर १९५१ची मैफल. हँबर्ग हे ब्राम्सचं जन्मगाव. आवाज जुना आहे, खोकणारेही आहेत. वाद्यं सुरुवातीला नेमकी एकत्र येत नाहीत, कारण त्या माणसाचा हातच थरथरल्यासारखा खाली यायचा. पण ते टिंपनीचे ठोके ऐक. घड्याळाचे ठोके ते नव्हेत, कुणीतरी दार ठोठावतंय आणि आत घरात माणूस आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. कारायानही ऐक, त्याने बर्लिनबरोबर चारही सिंफनी तीनदा रेकॉर्ड केल्या. माझी कॅसेट त्यातली कुठली हे आता कळायला मार्ग नाही, वेष्टन उंदरांनी खाल्लं. तोस्कानिनी वेगात वाजवतो, तो मला झेपत नाही. कारण वर दिलं आहे.

आता गंमत अशी की तू राहतेस कुठे, तर जर्मनीतल्या कार्ल्सरूहला. ही सिंफनी जगात पहिल्यांदा वाजली ती तुझ्याच गावात, ४ नोव्हेंबर १८७६ला. व्हिएन्नासारखं मोठं शहर सोडून ब्राम्सने मुद्दाम हे लहान गाव निवडलं. चांगला मित्र, चांगला कंडक्टर आणि चांगला वाद्यवृंद असलेल्या छोट्या गावातच ती आधी ऐकावी अशी त्याची आतून इच्छा होती, असं त्याने त्या मित्राला, ओटो डेसॉफला, कळवलं होतं. तो वाद्यवृंद तिथल्या ग्रँड ड्यूकच्या दरबाराचा. त्यांचं जुनं नाटकगृह महायुद्धात गेलं. राजवाड्यापुढे जिथे आता घटना न्यायालयाची काचेची इमारत आहे ना, तिथे ते होतं. म्हणजे तुझ्या सायकलच्या वाटेवर. वाद्यवृंद मात्र टिकला, आज त्याला बाडिशे श्टाट्सकापेले म्हणतात. एवढ्या दिवसांत एकदाही गेली नसशील, मला खात्री आहे. विद्यार्थ्यांना तिकीट स्वस्त असतं का ते विचार.

तेव्हा ब्राम्स ४३ वर्षांचा होता. पहिल्या भागाचा कच्चा खर्डा त्याने त्याची पियानोवादक मैत्रीण क्लारा शूमान हिला १८६२तच दाखवला होता, आणि त्यात ही टिंपनीची सुरुवात नव्हतीच! ती त्याने नंतर जोडली. मधली चौदा वर्षं नुसती घालमेल. बीथोवनच्या नऊ सिंफनी डोक्यावर बसलेल्या. पाठीमागे राक्षसाची पावलं वाजत असताना लिहिणं काय असतं हे तुम्हाला कळणार नाही, असं तो म्हणाल्याचं सांगतात. हे ज्याला म्हणाला तो हेर्मान लेवी, तोही आधी कार्ल्सरूहचाच कंडक्टर. तुझ्या गावाला याचा काही पत्ता नसावा, कारण तू पाठवलेल्या फोटोंत फक्त ट्राम आणि ब्रेड असतात.

रविवारी बाडेन-बाडेनला जा, रेल्वेने अर्ध्या तासाचा रस्ता आहे. तिथल्या लिश्टेनटाल भागात ब्राम्स उन्हाळ्यात राहायचा ते घर जपून ठेवलंय. क्लाराचं घरही त्याच वस्तीत होतं. पहिली सिंफनी त्याने पुरी केली ती लिश्टेनटालमध्ये, आणि दुसरीही.

दुसरी म्हणजे पहिलीनंतर खिडकी उघडावी तशी. पहिलीला इतकी वर्षं, आणि ही एका उन्हाळ्यात, १८७७ साली, ऑस्ट्रियातल्या पोर्टशाख गावी तळ्याकाठी लिहायला घेतली. प्रकाशकाला त्याने गंभीरपणे कळवलं की ही इतकी दुःखी आहे की काळी चौकट घालूनच छापावी लागेल. इतकी हसरी सिंफनी, आणि हा आगाऊपणा! पण नीट ऐकलंस तर सुरुवातीच्या गोड सुरावटीनंतर लगेचच टिंपनी हळू घुमतो आणि ट्रॉम्बोन दबक्या आवाजात काहीतरी बोलून जातात. भर दुपारी अंगणावरून ढग सरकावा तसं. म्हणजे थट्टा निम्मीच होती. यासाठी पियेर माँतो, लंडन सिंफनी, १९६२. माँतो तेव्हा ८७ वर्षांचा होता. आदल्याच वर्षी या वाद्यवृंदाने त्याला मुख्य कंडक्टर केलं होतं, आणि त्याने करार केला तो २५ वर्षांचा. तुझे बाबा निवृत्तीनंतर विम्याच्या कागदांवर उसासे टाकतात तेव्हा मी हे ऐकवते.

तिसरीवर फार लिहीत नाही, ती मी अजून ऐकतेच आहे. चारांत सर्वांत लहान, आणि तिचे चारही भाग हलकेच संपतात, टाळ्या मागत नाहीत. अगदी आरंभी कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांचं भांडण लागतं ते शेवटपर्यंत मिटत नाही. तिसऱ्या भागातली चेलोची चाल तू लहानपणी झोपेत गुणगुणायचीस, तुला आठवत नसेल. ब्रूनो वॉल्टरने म्हातारपणी, १९६०मध्ये, कोलंबिया सिंफनीबरोबर केलेली ऐक.

चौथीशी मात्र माझी सगळी हळुवारपणाची मतं आपटतात. कार्लोस क्लायबर, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९८०. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये ती सीडी मी घेतली तेव्हा तू पोटात होतीस. ते दुकान २०१६ साली बंद झालं, सीडी आहे. क्लायबर हळू नाही. पण पहिल्याच वाक्यात व्हायोलिनं दोन-दोन सूर असे उचलून ठेवतात की घाई कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येत नाही. याचे वडील एरिक क्लायबर स्वतः मोठे कंडक्टर. पोराने संगीतात पडू नये म्हणून त्यांनी त्याला झुरिकला केमिस्ट्री शिकायला पाठवलं. यातून तू कुठलाही अर्थ काढू नकोस. बाबांनी तुला मेकॅनिकलला घातलं ते तुझ्याच फॉर्मवरून.

चौथीचा शेवटचा भाग ऐकताना मला तबल्याच्या सोलोतला लेहरा, म्हणजे मागे सतत फिरत राहणारी सुरावट, आठवतो. सोळा मात्रांऐवजी इथे आठ सुरांची माळ आहे, बाख या जुन्या संगीतकाराच्या एका कँटाटावरून, म्हणजे गायनाच्या रचनेवरून, घेतलेली. सरगम करायची तर सा, रे, कोमल ग, म, तीव्र म, प, खालचा प, सा. दोन्ही मध्यम शेजारी शेजारी. क्षणभर राग ललत डोकावतो, पण लगेच पंचम येतो आणि ललत निघून जातो. हा तीव्र मध्यम बाखमध्ये नव्हता, ब्राम्सने घातला. ही माळ पुन्हा पुन्हा येत राहते, कधी तळाशी, कधी वर, कधी इतकी झाकलेली की बोटं मोजूनच सापडते. तीस वेळा ती नवे कपडे घालून येते. मध्येच सगळे जवळजवळ गप्प होतात आणि एकटी बासरी त्या माळेवरून चालत जाते, काळोखात जिना उतरणाऱ्या बाईसारखी. व्हिडिओ मिळाला तर ट्रॉम्बोनवाल्यांकडे बघ. आधीचे तीन भाग ते वाद्य मांडीवर घेऊन नुसते बसलेले असतात, त्यांना एक सूरही नाही. पहिलीतही तसंच. तेवढ्याचा पगार मिळत असेल तर बरी नोकरी आहे.

सर चार्ल्स मॅकेरासने स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर चारही केल्यात, ब्राम्सच्या काळातल्यासारखा लहान वाद्यवृंद घेऊन. त्यात पहिलीच्या दुसऱ्या भागाचा जुना खर्डाही वाजवलाय, छापण्याआधी ब्राम्सने बदलला तो. म्हणजे तुझ्या गावाने जे ऐकलं ते. एकदा ऐकून ठेव.

एक राहिलं. पहिलीच्या शेवटच्या भागात बराच वेळ अंधारात चाचपडणं चालतं, आणि मग अचानक हॉर्न येतो. ती चाल ब्राम्सने आठ वर्षं आधी, सप्टेंबर १८६८मध्ये, क्लाराला वाढदिवसाला एका कार्डावर लिहून पाठवली होती. मेंढपाळाचं शिंग आज असं वाजलं म्हणून, आणि खाली शब्द: उंच डोंगरावरून, खोल दरीतून, तुला हजारदा नमस्कार. त्या वेळी दोघांत बिनसलेलं होतं. समजुतीची पत्रं लिहून झाली असतील, पण पोहोचलं ते हे. ती चाल एकटा हॉर्न वाजवत नाही. दोघं मिळून वाजवतात, एकाचा दम संपायच्या आत दुसरा उचलतो, दिंडीत अभंगाची ओळ उचलतात तशी. ऐकणाऱ्याला जोड दिसत नाही.

येत्या ४ नोव्हेंबरला तुझ्या घड्याळात सहाला फुर्टवेंगलर लाव. तोवर तुमची घड्याळं मागे गेलेली असतील, म्हणजे माझ्याकडे साडेदहा. मीही लावते. वॉकमन आता चालत नाही, पण स्पीकर बरा आहे, आणि शेजारचे लवकर झोपत नाहीत. साडेसहाच्या पुढे कधीतरी हॉर्न येईल. तेव्हा फोन करू नकोस, संपल्यावर कर.

लोणच्याची बरणी कुरिअरने येतेय, झाकण जपून उघड.

तुझी आई