तात्यांचे उरलेले चार डोस

मुंबई, रविवार

प्रिय सुन्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होतो, धड बोलता आलं नाही. पण "उसाचं बिल आलं की गरम केमोचे तीन-चार लाख भरतो, तात्यांचा कॅन्सर पोटात परत यायला नको" हे तुझं वाक्य रात्रभर डोक्यात होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मावणार नाही म्हणून कागद घेतला.

मी डॉक्टर नाही. पण जठराच्या कॅन्सरमध्ये पोट धुतलेल्या पाण्याच्या बाटल्या पंधरा वर्षं माझ्या टेबलावर येतायत. सर्जन दुर्बिणीतून पोटात सलाईन सोडतो, जरा हलवतो आणि परत ओढून घेतो. बाटलीत काय, किंचित गुलाबी गढूळ पाणी. मशीनमध्ये गरगर फिरवलं की तळाला चिमूटभर साका बसतो. त्याची काच रंगवून भिंगाखाली धरायची. कधी त्यात सुटी सुटी पेशी दिसते, थेंब भरून फुगलेली, केंद्रक एका कडेला दाबलं गेलेलं, अगदी खड्याच्या अंगठीसारखी. पाण्यात कॅन्सरच्या पेशी खात्रीने दिसल्या, की सीटी स्कॅन स्वच्छ असला तरी आजार चौथ्या टप्प्यात धरतात. तात्यांच्या रिपोर्टवर 'निगेटिव्ह' आहे. ही लहान गोष्ट नाही रे.

तरी तुझी भीती खोटी म्हणणार नाही. गाठ जठराच्या भिंतीतून बाहेरच्या आवरणापर्यंत आली होती. तिथून पेशी पोटात गळतात आणि आतड्यांवर, पडद्यावर रुजतात. इतक्या बारीक असतात की सीटीलाही चुकवतात, आणि निगेटिव्ह रिपोर्टलासुद्धा.

मग भरपूर पाण्याने धुऊनच का काढू नये? हे करून बघितलंय. कोरिया, चीन, जपान, सिंगापूर वगैरे ठिकाणी 800 पेशंट घेतले, निम्म्यांचं पोट ऑपरेशनच्या शेवटी दहा लिटर कोमट सलाईनने धुतलं. 2021 साली निकाल आला. तीन वर्षांनी दोन्हीकडे साधारण 77 टक्के लोक हयात. काही फरक नाही! मला स्वतःला वाईट वाटलं होतं, इतकी साधी गोष्ट चालायला हवी होती.

आता तुला कुणीतरी सांगितलेली गरम केमो. औषध 41 ते 43 अंशांपर्यंत तापवून पोटात फिरवतात, तेही ऑपरेशनच्या टेबलावर. तात्यांचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. आता ती करायची म्हणजे शिवलेलं पोट पुन्हा उघडायचं. जर्मनीत पोटात आधीच पसरलेल्यांवर ती करून पाहिली. आजार थोडा उशिरा वाढला, आयुष्य मात्र वाढलं नाही. ज्याने तुला आकडा सांगितला त्याने हे सांगितलं का?

खरं काम ज्याने होतं ते तुमच्या फाईलमध्येच आहे. तात्यांना ऑपरेशनआधी चार डोस झाले, नंतर चार द्यायचे आहेत, ती फ्लॉट, म्हणजे चार औषधांची केमो. 2019 च्या जर्मन अभ्यासात जुन्या औषधांवर निम्मे पेशंट 35 महिन्यांपेक्षा जास्त जगले, फ्लॉटवर 50 महिन्यांपेक्षा. पण त्यातसुद्धा आठही डोस निम्म्याहून कमी जणांना पूर्ण घेता आले. ऑपरेशननंतर माणूस गळून जातो. तात्या "आता सुई नको" म्हणतायत, त्यात नवल नाही. तुझं भांडण तिथे हवं. डोस कमी करता येतो, आठवडाभर पुढे ढकलता येतो, पण ते डॉक्टरांना विचारून. घरातल्या घरात ठरवून बंद करू नका.

वजन दर सोमवारी लिहून ठेव. जठर पूर्ण काढलंय, तेव्हा बी-12 चं इंजेक्शन जन्मभर. जेवण दोन वेळचं नको, दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं. गोड चहा भसकन प्यायला की घाम आणि धडधड होते, त्याला हार्ट अटॅक समजून गाडी काढली होतीस ना? तेच ते. पोट फुगत चाललं किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र तारखेची वाट पाहू नकोस. आणि तो पपईच्या पानांचा काढा केमोच्या दिवसांत नको, मावशींना वाईट वाटलं तरी.

शनिवारी कोयनेने कराडला उतरतो. फाईल काढून ठेव, तात्यांशी मी बोलतो. काकूंना सांग, माझ्यासाठी ताट वाढू नका. तात्यांच्या वाटीबरोबर माझीही एक वाटी, दर दोन तासांनी.

तुझा,
विजय