एसटीत दोन ओळींना जागा द्या

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

विषय : एसटी गाड्यांमध्ये ओव्या लावण्याबाबत.

सविनय नमस्कार.

गेल्या वैशाखात सातारा-पाटण गाडीत माझ्या पुढच्या सीटवर दोन बायका होत्या. एकमेकींशी ओळख ना पाळख. एक जण लेकीला पुण्याच्या गाडीत बसवून गावी परत निघालेली. नागठाणं मागे पडलं तशी ती खिडकीकडे तोंड करून पुटपुटली :

येष्टीच्या खिडकीत माझ्या लेकीचा हात हालं
सांगते बाई तुला, धुरळ्यानं पाणी आलं

शेजारीण क्षणभर गप्प. मग म्हणाली, "धुरळ्यानंच ना गं?" दोघी खुदकन हसल्या. उंब्रज येईस्तोवर एकीची चटणी-भाकरी दुसरीच्या मांडीवर होती.

साहेब, ओवी एकटीची क्वचितच असते. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. 'सांगते बाई तुला' हे शब्द ओळही भरतात आणि समोरचीला आतही ओढतात. गिरण्या आल्या, जाती अंगणात पालथी पडली. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वां यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, म्हणून त्या टिकल्या तरी. पण कपाटातली ओवी उचलणार कोण?

म्हणून म्हणतो, त्यांतल्या काही ओव्या गाडीत लावा. 'हात बाहेर काढू नये'च्या शेजारी वीतभर जागा पुरे. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९८६पासून जाहिरातींच्या रांगेत कविता लावतात. आपल्या प्रवाशांना तर सीटच्या पाठीवर लिहायची सवय आधीपासूनच आहे! (बदाम आणि बाण वगळले तर त्यातलं काही वाईट नसतं.) शिवाय ओवी दोन ओळींची. दांड्याला लोंबकळत, एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत सहज वाचून होते आणि शेजारच्याला "हे वाचलंत का?" म्हणायला निमित्त मिळतं.

दोन विनंत्या. ओवीशेजारी कुणाचाही फोटो नको, आपलाही. आणि मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला म्हणून फक्त अवघड, जुन्या ओळी निवडू नका. ज्या बाईनं ओवी सांगितली तिचं नाव आणि गाव मात्र, तिची किंवा घरच्यांची हरकत नसेल तर, खाली अवश्य छापा.

सुरुवात पाटणच्या गाडीपासून केलीत तरी चालेल. ओवीखाली थोडी जागा कोरी सोडा. पेन आम्ही आणतो.

कळावे,
आपला,
खिडकीशेजारचा एक प्रवासी