वाकळीचा गुरुवार

प्रिय सुजे,

फोनवर तू विचारलंस की दुकानात जाऊन बायका नुसत्या विणत बसतात म्हणजे नेमकं काय करतात, तर म्हटलं नीट लिहूनच कळवू, फोनवर तुझं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडं असतं.

राजारामपुरीत ते लोकर-दोऱ्याचं दुकान आहे ना, त्याच्या माडीवरची खोली आठवड्यातनं दोन दुपारी आमची असते. शनिवारी विणकाम, गुरुवारी वाकळ, म्हणजे जुन्या साड्यांची गोधडी. कोल्हापुरात थंडी ती केवढी, स्वेटर घालतंय कोण, असं आमच्या घरात पण म्हणाले, पण बाळंतविडा तर घरोघरी लागतोच की. टोपडं, मोजे, झबलं. अमेरिकन व्हिडिओ बघून शिकलेल्या पोरी येतात त्या सुईच्या नंबरातच अडकतात, कारण त्यांची दहा नंबर सुई सहा मिलिमीटरची आणि आपली दहा नंबर सव्वातीनची, आपल्याकडं नंबर वाढला की सुई बारीक होते. मग टोपडं बाळाच्या डोक्यात शिरतच नाही. आणि कडा गुंडाळते म्हणून काठाला एक सुलट एक उलट घ्यायचं, हे तर तुला शाळेपासून ठाऊक आहे.

पण माझा जीव गुरुवारात अडकलाय. कागलकडच्या एक आक्का येतात, त्या शिकवतात असं म्हणता येणार नाही, त्या शिवायला बसतात आणि आपण बघून बघून शिवायचं. सतरंजीवर अस्तर अंथरायचं, वर जुन्या साड्यांचे थर, चारी बाजू ताणून लांब लांब कच्चे टाके, मग काठाकडनं धावदोरा सुरू करून आत आत मध्याकडं यायचं. आजकालच्या क्विल्टिंगमध्ये मधनं बाहेर जातात, म्हणजे कापडाचा झोळ काठाकडनं निघून जातो. आपल्या वाकळीत तो आतच येतो, म्हणून आक्का दर दोन-चार टाक्यांनी सुई थांबवून तळवा फिरवतात, खालच्या थरातली चुणी त्यांना हाताला लागते, वरनं आपल्याला काही म्हणजे काही दिसत नाही, आणि चुणी लागली की टाका उसवून परत. एवढा धीर मी दुसऱ्या कुणात बघितला नाही गं. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडं मूळच्या आफ्रिकेतल्या सिद्दी लोकांची वस्ती आहे, त्यांच्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी शिवतात ती पण अशीच काठाकडनं आत, वर कोपऱ्यांना चिंधीच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, मी यंदा तशी फुलं लावून बघणार आहे.

मला एक गोष्ट आता पक्की पटलीये. वाकळ मागं पडली ती बायकांचे हात विसरले म्हणून नाही, अंथरायला जागा उरली नाही म्हणून. पूर्वी उन्हाळ्यात, मिरगाच्या आधी, अंगणात वाकळ पडायची आणि येणारी-जाणारी बाई चार टाके घालून जायची. फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा आणि टीपॉय हलवून एकटीनं किती दिवस तसं ठेवणार? त्या माडीवर काय आहे तर मोकळी फरशी आणि चार बाजूंना बसायला चार जणी, बाकी काही नाही.

आता खरं सांगायचं ते सांगते. काकूंच्या साड्या. कापायला हात उठत नाही म्हणालीस, ते मला कळतंय, आईच्या साडीला कात्री लावायची म्हणजे पोटात कालवतंच. पण वाकळीला साडी कापावीच लागत नाही, सुजे! नऊवारी लुगडं लांबीत चौघडी केलं की दोन मीटरचे चार थर आपोआप होतात, रुंदी एका माणसापुरती पुरते. आख्खं लुगडं आत राहतं. काकूंची ती सुती इरकलं यासाठी एक नंबर, धुऊन धुऊन मऊ झालेली. फक्त पदराचं रेशीम आणि अंगाचं सूत धुतल्यावर सारखं वागत नाही, तेव्हा पदर मधल्या थरात घालू. नायलॉनच्या नकोत, थर एकमेकांवरनं सरकतात. गडद रंगाची असतील ती ओल्या पांढऱ्या फडक्यानं आधी घासून बघ, रंग लागला तर बाजूला ठेव. रेशमी घडीतल्या मात्र वाकळीत घालू नकोस, त्यांच्या घड्या बदलून ठेव, नाहीतर घडीवरच विरतात.

ट्रंकेत ठेवून त्या कुणाच्या अंगाला लागणार आहेत सांग. तुझ्या लेकीनं आजीच्या कुशीत झोपल्यासारखं झोपावं असं मला फार वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा एखादा गुरुवार मोकळा ठेव. पण तारीख लवकर कळव, आक्का भाऊबिजेला माहेरी जातात आणि पहिला कच्चा टाका त्यांच्यासमोरच पडायला पाहिजे.

तुझी,
अनू