तांब्या माझ्याकडे आहे

ती. बाबा आणि ती. आई यांना,
साष्टांग नमस्कार.

आधी तांब्याचं सांगते. आई, तो माझ्याकडे आहे. महालक्ष्म्या उठवून निघाले त्या दिवशी मीच पिशवीत घातला आणि वरून साडी टाकली. विचारलं असतं तर तू दिलाच असतास, पण "कशाला गं?" म्हणाली असतीस, आणि त्याचं उत्तर बाबांसमोर द्यायची माझी हिंमत नव्हती. काल दादा म्हणाला की दहा-बारा दिवस तू सगळं घर पालथं घातलंस आणि आता भांडी घासणाऱ्या मावशीकडं संशयानं बघायलीस. तिला आजच्या आज सांग की लेकीनं नेला होता. चहा पाज तिला. माझ्यापायी एका गरीब बाईवर आळ आला, हे मला झोपू देईना.

बाबा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. ऑपरेशनला अजून महिना झालेला नाही, तेव्हा खिडकीपाशी उजेडात बसूनच वाचा आणि थेंब घातल्या घातल्या वाचू नका. आईला नेहमीसारखं मोठ्यानं वाचून दाखवा. मधे एका जागी मी चांदणी काढलीय. तिथून दुसऱ्या चांदणीपर्यंत आधी तुमचं तुम्ही वाचा, मग आईला वाचून दाखवायचं का ते ठरवा. दादा पत्र फोडणार नाही, तसं वचन घेऊनच त्याच्या हाती देतेय.

तर झालं असं. आषाढापासून मी महिन्यातून दोन रविवार एका लेखनाच्या गटात जातेय. तुम्हाला "लायब्ररीत जाते" म्हणून सांगत होते. तसं ते खोटं नव्हतं, गट लायब्ररीच्याच मागच्या खोलीत बसतो. कवी-बिवी कुणी नाही. बँकेतून रिटायर झालेले दोघं, एक नर्स, एक किराणा दुकानदार, पुण्याहून बदलून आलेली एक पोरगी, असे आम्ही अकरा जण. एक रिटायर मराठीच्या बाई चालवतात. घरातलं, गावातलं जे नुसतं बोलण्यात आहे आणि बोलणारं माणूस गेलं की संपणार आहे, ते कागदावर आणायचं, एवढंच काम.

पद्धत तुम्हाला पोरखेळ वाटेल, मलाही वाटली होती. बाई म्हणतात, "मला आठवतं" असं लिहा आणि दहा मिनिटं पेन उचलू नका. काही सुचलं नाही तर पुन्हा "मला आठवतं" लिहा. मग ज्यानं त्यानं आपलं वाचायचं. ऐकणाऱ्यानं छान-बिन काही म्हणायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही, फक्त आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. कुणी रडलं तर रडू द्यायचं, पाणी पुढं सरकवायचं. आपल्याकडं कुणी रडायला लागलं की चार बायका "उगी, उगी" करत धावतात, त्यामुळं पहिल्यांदा मला ते फार कोरडं वाटलं. पण माणूस रडून झाल्यावर पुढचं वाक्य वाचतं, हे मी तिथं पाहिलं.

त्या किराणावाल्या काकांनी आजोबांच्या पेटीतला एक कागद आणला होता. सगळा उर्दूत. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूतच, त्यामुळं घरोघरी असे कागद आहेत आणि आता घरात वाचणारं कुणी नाही. गटात एक उर्दूच्या शिक्षिका आहेत, आम्ही त्यांना खाला म्हणतो. त्यांनी चष्मा पुसून वाचायला घेतलं. सन 1350 फसली, निजामाच्या कचेरीतलं साल, म्हणजे आपलं 1940 च्या आसपासचं. रक्कम हाली रुपयांत, म्हणजे निजामाच्या नाण्यात. घरात पिढीजात ऐकलेलं की आजोबांनी ती जमीन विकत घेतली. कागद निघाला गहाणखताचा, तोही आजोबांनीच गहाण दिलेल्या जमिनीचा. काका दहा मिनिटं गप्प. मग म्हणाले, "हेच लिहितो." बाबा, आपल्या पेटीत तसलेच दोन कागद आहेत ना, मेणकापडात गुंडाळलेले? ते माझ्यासाठी काढून ठेवा. नाही, तुम्ही वाकू नका, दादाला सांगा.

आणि आई, नर्सबाईंनी त्यांच्या आईचा बहात्तरचा दुष्काळ लिहिला. दुष्काळी कामावर खडी फोडणं, सुकडी, ती लाल मिलो ज्वारी. ऐकता ऐकता मला एकदम तुझा डाव्या हाताचा अंगठा दिसला. तू तेव्हा माहेरी, सोळा वर्षांची. "खडी फोडताना लागलं होतं" एवढं एकच वाक्य मी चाळीस वर्षं ऐकत आले, त्याच्या पुढचं कधी विचारलंच नाही. कोणत्या कामावर होतीस, सोबत कोण होतं, रोज काय मिळायचं? आता आले की विचारणार आहे. "काय सांगायचं त्यात" म्हणू नकोस.

माझी पाळी आली तेव्हा मी किल्लारीचा भूकंप लिहिला. दुसरं काय लिहिणार होते? पहिल्या खेपेला मोठ्या ऐटीत लिहिलं: 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56, 52 गावं, अनंत चतुर्दशीची रात्र. बाई म्हणाल्या, "हे पेपरात आलंय. तू कुठं होतीस? पायात काय होतं?" मला आठवलं, पायात काहीच नव्हतं, आणि केसात गुलाल होता. विसर्जनाहून उशिरा आलो म्हणून दादा आणि मी ओट्यावरच झोपलो. एवढं लिहायला मला तीन रविवार लागले.

मग घरातली एक वस्तू आणायला सांगितली. मी तांब्या नेला. टेबलावर ठेवला, सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला. खालाच्या बोटांनी बरोबर तो पोचा शोधला. त्या म्हणाल्या, "यहाँ अंगठा बैठता है." आई, तू पाणी ओतताना अंगठा नेमका तिथंच टेकवतेस, हे तुला ठाऊक आहे का? मोठीआईच्या उशाशी रोज रात्री तो भरून ठेवायची पाळी माझी होती, त्या रात्री मी विसरले होते, तू भरलास. तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यात बाबांना सापडला. हे सगळं लिहिलंय.

★

बाबा, त्यात माळवद आलंय. पुण्याच्या पोरीनं विचारलं, माळवद म्हणजे काय? मी सांगू लागले. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, लाकडाचे खण, वर फळ्या आणि त्यावर माती. गळू नये म्हणून मृगाआधी नवी माती टाकायची. जुनी कुणी काढत नाही, वरचेवर चढत जाते. बोलता बोलता मी थांबले, कारण त्या साली माती आणायला तुमच्यासोबत गाडीत मी बसले होते.

दादाच्या लग्नात, रात्री मांडवात तुम्ही मामांना म्हणालात, "तीन गाड्या माती मीच टाकली." मी गोधडी ओढून झोपल्याचं सोंग केलं होतं. नंतर तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मीही नाही.

आता ऐका, लेक म्हणून नाही तर चार बुकं शिकलेलं माणूस म्हणून सांगते. गावातल्या एकूण एक माळवदावर माती होती. सरकारच्या तेव्हाच्या नकाशात आपला भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो नकाशा 2002 मध्ये बदलला, मग आपला भाग वरच्या पट्ट्यात गेला. ज्यांचं कामच ते होतं त्यांनाही जे कळलं नाही, ते तुम्हाला कुठून कळणार होतं? आदल्या वर्षी ऑक्टोबरात जमीन गुरगुरली तेव्हा आम्हाला आठ दिवस अंगणात झोपवणारे तुम्हीच. आणि ती माती टाकली नसती तर श्रावणात मोठीआईच्या अंथरुणावर पाणी टपकलं असतं. तिला कोरडं ठेवायला टाकलीत तुम्ही ती.

तीन गाड्यांचं वाक्य माझ्या लेखात नाही. लिहिलं होतं, खोडलं. ते तुमचं आहे. कधी बोलावंसं वाटलं तर मी लिहून घेईन, नाही वाटलं तर नाही.

★

आता जे ठरलंय ते सांगते, रागवू नका. गटाची छोटी पुस्तिका निघतेय, शंभर प्रती, विकायला नाहीत. 30 तारखेला लायब्ररीत वाचन आहे. माझा लेख छापायला गेलासुद्धा. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. गावाचं नाव घातलेलं नाही. छकुलीचं नाव आधी बदललं होतं, पण वाचताना ती दुसऱ्याच कुणाची पोर वाटायला लागली. म्हणून "धाकटी" एवढंच ठेवलंय.

बाबा, "कशाला उकरायलीस?" हे तुमचं मला इथं ऐकू येतंय. मी सहानुभूती गोळा करायला लिहिलेलं नाही, पेपरात नाव यावं म्हणूनही नाही. खरं सांगू? तुमची नात नऊ वर्षांची झाली, तेव्हा मी होते तेवढीच. महालक्ष्म्यांना आली तेव्हा तिनं विचारलं, "आजी एवढ्या पावसात बाहेर व्हरांड्यात का झोपते?" मी म्हणाले, "आत उकडतं तिला." एवढी बाई मी, मुलांना रोज निबंध लिहायला लावते, आणि पोरीला हे सांगितलं.

आई, तू बाहेरच झोप. मी पुन्हा आत झोप म्हणणार नाही. पण मच्छरदाणी लाव, दादाबरोबर नवी पाठवलीय, चारी दोऱ्या शिवून घेतल्यात. गादीखाली प्लास्टिक टाक, ओल चढते. इन्व्हर्टरची लाइन व्हरांड्यापर्यंत ओढायला दादाला पैसे दिलेत, त्यावरून वाद घालू नका. बीपीची गोळी चहानंतर, "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. बाबांनी लुना घेऊन रानात जायचं नाही. डॉक्टरांनी दीड महिना म्हटलंय, तुम्ही मनातल्या मनात तो महिन्यावर आणलाय, मी ओळखून आहे. आणि कानाचं मशीन कपाटात ठेवायला घेतलेलं नाही.

सतराला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकून निघते, रात्रीपर्यंत पोचते. तांब्या घेऊन येते. इथला भांडीवाला "दोन मिनिटांत ठोकून सरळ करतो" म्हणाला, मी हातातून ओढूनच घेतला. चिंचही लावलेली नाही, काळा पडलाय तसाच आहे. तोवर उशाशी स्टीलचा ठेव आई, पण पाणी भरून ठेव.

तुमची लेक