आई, तुझ्या गोळ्या मी मोजल्या

आई, बाबा,

शि. सा. नमस्कार. पत्र म्हणते खरं, पण महाराष्ट्र एक्सप्रेसच्या अप्पर बर्थवर पडून मोबाईलवर टाईप करतेय. आत्ता भुसावळ गेलं, नागपूर यायला संध्याकाळ होईल. फोनवर बोलले असते, पण फोनवर आई तू 'सगळं ठीक आहे गं' म्हणून मोकळी होतेस आणि बाबा शेजारी पडून ऐकत असतात त्यांना मध्ये बोलता येत नाही. म्हणून हे मोठ्याने वाच, बाबांच्या माघारी काही ठरवायचं नाहीये मला.

आधी कबुली देते. निघायच्या आदल्या रात्री मी तुझा औषधांचा डबा उघडला. बाबांच्या गोळ्या वारांप्रमाणे लावलेल्या, एकही चुकलेली नाही, आणि तुझ्या बीपीच्या दोन स्ट्रिपा, महिन्यापूर्वी मीच घेऊन दिलेल्या, 30 पैकी 19 गोळ्या तशाच. तेव्हाच विचारणार होते पण तू बाबांना कुशीवर वळवत होतीस, एक हात त्यांच्या पाठीखाली आणि दुसरा स्वतःच्या कमरेवर, मग काय विचारणार.

बाबांच्या डाव्या टाचेवर लाल चट्टा आलाय तो दाखवला होता ना. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडत नाही म्हणजे ती बेडसोअरची, पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते, तिथे चोळायचं नाही, तेल पण नाही, पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायची आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचं. आणि एअरबेड आणला म्हणून कूस बदलायची नाही असं नसतं गं, ते मशीन फक्त मदतीला. दर 2 तासांनी म्हणजे दिवसरात्र धरून 12 वेळा, आणि बाबा 68 किलोचे, तू एकाहत्तरची, गुडघे कधीच गेलेले. हे एका माणसाचं काम नाहीच मुळी. हॉस्पिटलात यालाच तीन शिफ्टमध्ये माणसं लागत होती की.

जेवणाचं तू छान करतेस, तरी एकच, चहा पाजताना त्यांना ठसका लागतो तो नुसता ठसका समजू नकोस. अर्धांगवायूनंतर गिळणं बिघडतं, पातळ पदार्थ चुकून श्वासनळीत गेला की न्यूमोनिया होऊ शकतो. नीट ताठ बसवून द्यायचं आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, मग झोप आली म्हणून कितीही खुणा करू देत. चहा घट्टसर करून द्यायचा का ते पण डॉक्टरांना विचार.

आता बाबा, तुम्ही. रुग्णसेवेला माणसं देणाऱ्या ब्युरोने पाठवलेल्या तिसऱ्या माणसावर तुम्ही वाटी भिरकावलीत आणि आई रडली. मला खरं सांगू का, मी पण भिरकावली असती. तो तुम्हाला 'आजोबा आऽऽ करा' म्हणत होता, लहान बाळ असल्यासारखं. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला म्हणून उजवा हात गेला आणि शब्द गेले, समजणं गेलेलं नाही, हे लोकांना कळतच नाही. पाणी मागता येत नाही पण पाढे सुरू करून दिले की सतराचा पूर्ण म्हणता, परवा ऐकलाय मी. आयुष्यभर पोस्टात कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या माणसाला परक्याकडून अंघोळ घालून घ्यायची म्हणजे काय वाटत असेल. पण सध्या ती लाज आईच्या कमरेवर निघतेय.

म्हणून सोमवारपासून सकाळी 8 ते 12 एक माणूस येणार आहे, पुरुषच, अंघोळ आणि खुर्चीत बसवण्यापुरता. पैसे मी आणि दादा बघतोय. त्याला सांगितलंय की आधी बाबांना विचारायचं आणि डाव्या हाताचा अंगठा वर झाल्याशिवाय हात लावायचा नाही. चार दिवस बघा, नाही पटला तर अंगठा खाली, दुसरा शोधू. आणि आई, 'बायको घरात असताना माणूस कशाला ठेवला' म्हणणाऱ्या काकूंना रात्री 2 वाजता कूस बदलायला बोलव एकदा.

हयातीच्या दाखल्यासाठी गेल्या वर्षीसारखं रिक्षात घालून बँकेत न्यायचं नाही यंदा. पोस्टमन घरी येऊन मशीनवर करून देतो, 70 रुपये घेतात. बाबा, तुमचंच पोस्टखातं तुमच्या दारात येणार! सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड दोघांचंही काढू, 5 लाखांपर्यंत आहे पण ते ॲडमिट झाल्यावरच कामाचं, माणसाचा पगार त्यातून निघत नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

एक काम बाबांसाठी ठेवलंय. आई, रोज रात्री जेवल्यावर तुझ्या दोन्ही स्ट्रिपा त्यांच्या डाव्या हातात द्यायच्या. बाबा, तुम्ही बोट ठेवून मोजायचं, एक दोन तीन करत, मोठ्याने. काल 19 होत्या. आज 18 भरल्या पाहिजेत, आणि नाही भरल्या तर वाटी जवळच असते.

तुमची,
धाकटी

(अकोल्याला रेंज आली की पाठवते)