धोका पेटीतल्या फळात नाही, कलमात आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाशीच्या फळबाजारात उतरणाऱ्या परदेशी सफरचंदांबरोबर ‘फायर ब्लाइट’ देशात शिरेल, अशी भीती याच सदरातील एका पत्रात वाचली. रोग जबर आहे यात वाद नाही. सफरचंद-नासपतीची कोवळी झाडे तो एका हंगामात वाळवतो. बोट मात्र चुकीच्या ठिकाणी ठेवले गेले आहे.

हा रोग घडवणारा ‘अर्विनिया अमायलोव्होरा’ हा जिवाणू मुख्यतः मोहोरातून शिरतो. मधमाशी त्याला फुलाच्या कुक्षीवर आणून सोडते. तिथे तो दहा लाखांच्या घरात वाढतो, तरी झाडाला अजून काहीच झालेले नसते. मग पावसाचा किंवा दवाचा थेंब त्याला मधुग्रंथीपर्यंत ओघळवतो आणि तिथल्या बारीक छिद्रांतून तो आत जातो. फूल करपते, कोवळा शेंडा छत्रीच्या मुठीसारखा वाकतो, सालीवर चिकट थेंब दिसतात. म्हणूनच अमेरिकेतले बागायतदार फुले उमलल्यापासून 18.3 अंश सेल्सिअसच्या वरची ऊब ‘अंश-तासां’त (वरचे अंश गुणिले तास) मोजत राहतात. 110 अंश-तास भरले, फुले भिजली आणि दिवसाची सरासरी 15.6 अंशांखाली नसली, की लागण होणार हे धरून चालायचे. फवारणी पावसाच्या आदल्या नाहीतर दुसऱ्या दिवशी. फांदी काळी पडल्यावर मारलेले औषध म्हणजे पैसे पाण्यात! त्यातही फवारणीतल्या स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणारे जिवाणू कॅलिफोर्नियात नासपतीच्या बागांत 1971 मध्येच सापडले. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी हेच औषध उठसूट मारत आलेल्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

उरते ती छाटणी. जिवाणू डागाच्या पुढे पोचलेला असतो, म्हणून काप दिसणाऱ्या डागाच्या निदान 30 सेंमी खाली, तोही कोरड्या हवेत. दोन कापांमध्ये कात्री 70 टक्के अल्कोहोलने पुसायची.

आता फळ. पिकलेल्या, निरोगी फळातून रोग नव्या बागेत गेल्याचा पुरावा सफरचंदांच्या आयातीवर निर्बंध घालणाऱ्या जपानला 2003 मध्ये देता आला नाही, ऑस्ट्रेलियाला 2010 मध्येही नाही. दोघेही जागतिक व्यापार संघटनेत हरले. माटुंग्याच्या कचरापेटीतला सफरचंदाचा गाभा हिमाचलातल्या उमललेल्या फुलापर्यंत पोचायचा तरी कसा?

खरी वाट कलमांची आहे. काश्मीर-हिमाचलातल्या दाट लागवडीसाठी परदेशातून रोपे येतात. त्यांतला लोकप्रिय ‘एम-9’ खुंट (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात तो) या रोगाला सहज बळी पडतो, आणि वरून टवटवीत दिसणाऱ्या रोपातही जिवाणू दडून राहू शकतो. तेव्हा बंदरावर किंवा विमानतळावर नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी पुरेशी नाही. कलमाच्या सांध्याजवळची साल आणि फांदीवरचे डोळे (अंकुर) यांचे नमुने जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीला जावेत आणि बागांपासून दूरच्या विलगीकरण रोपवाटिकेत रोपांनी एक वाढीचा हंगाम काढल्याखेरीज ती शेतकऱ्याच्या हाती देऊ नयेत.

आपले,
वनस्पतिरोगशास्त्राचे दोन अभ्यासक, माटुंगा, मुंबई